नवी गाडी आणि पाचवं चाक: स्टेपनीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याजवळ महामार्गालगत आमचं टायरचं दुकान आहे. नवी गाडी घेतलेली मंडळी पहिल्या महिन्यात येतात ती हवा बघायला नाहीतर अलाइनमेंटला, आणि निघता निघता स्टेपनीचा एखादा प्रश्न विचारतात. फोनवरही तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून काढले. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात, दारासमोर, दिवसाउजेडी स्टेपनीचा निकाल लावा. डिकीत चाक दिसलं म्हणजे काम झालं असं समजू नका. ते चाक तुमच्या हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक नटांनी आवळतात त्यावर, बसतं, त्यात हवा आहे आणि बदलायची सगळी हत्यारं गाडीत आहेत, हे स्वतः करून बघा.

१. स्टेपनी हा शब्द आला कुठून? इंग्लंडमधल्या नातेवाइकांना तो कळलाच नाही.

शब्द तिकडचाच आहे, पण तिकडे तो मागे पडला. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी १९०४ साली आऱ्या नसलेली, हवा भरलेल्या टायरची एक रिंग तयार केली. पंक्चर झालेलं चाक न काढता त्यालाच ती क्लॅम्पने आवळायची आणि पुढे निघायचं. त्यांचा कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर होता, म्हणून ते 'स्टेपनी' चाक. भारतात नाव टिकलं.

२. नवी गाडी घेतली, पण डिकीत स्टेपनीच नाही. फसवणूक झाली का?

बहुतेक वेळा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. चालकाशिवाय जास्तीत जास्त आठ जणांच्या आणि साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, कंपनीने पंक्चर दुरुस्तीचं किट दिलं असेल आणि टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, बसवलेली असेल, तर स्टेपनी दिलीच पाहिजे असं बंधन नाही. अनेक इलेक्ट्रिक गाड्या आणि काही सीएनजी मॉडेल अशीच विकली जातात. अशा गाडीत स्टेपनी नसणं हा नियमभंग नाही.

मात्र माहितीपत्रकात तुमच्या व्हेरिएंटसमोर स्टेपनी लिहिलेली असेल आणि गाडीत नसेल, तर डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी ते लेखी नोंदवून घ्या. सही झाल्यावर 'आम्ही दिली होती' आणि 'आम्हाला मिळालीच नाही' असा वाद होतो, आणि त्यात ग्राहकाच्या हातात काही नसतं.

३. डिलिव्हरी घेताना स्टेपनीचं नेमकं काय तपासू?

डिकीचा गालिचा उचला आणि चाक बाहेर काढायला लावा. आतल्या आत बघून भागत नाही. टायरचा साइज बाकी चारांशी ताडून बघा (आकडे वाचायची रीत प्रश्न ४ मध्ये आहे). हवा मोजून घ्या. मग हत्यारं बघा: जॅक, जॅकचा दांडा, चाकपाना, टो-हुक, धोक्याचा लाल त्रिकोण. अलॉयला चोरी टाळणारे कुलूपनट असतील तर त्यांची छोटी चावी वेगळी येते. ती हरवली की चाक निघत नाही. ती ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना जागा दाखवून ठेवा.

मग घरी येऊन एकदा चाक बदलून बघा, मागचं डावं आणि पुढचं उजवं. का सांगतो? मागच्या पावसाळ्यात एक कुटुंब गाडी टोचन करून आमच्याकडे आलं. गाडी जेमतेम पाच आठवड्यांची होती. स्टेपनी होती, जॅक होता, हवाही बरी होती. पण नट मशीनने इतके आवळलेले की गाडीतल्या वीतभर पान्याने ते हलेनात. पान्यावर उभं राहून जोर लावला तर एका नटाचे कोपरे गोल झाले. आजी, दोन लहान मुलं आणि भर पाऊस. दारात एकदा नट सोडून बघितला असता तर हे त्याच दिवशी कळलं असतं. म्हणून लांब दांड्याचा एल-पाना किंवा क्रॉस पाना वेगळा घ्या, आणि दर सर्व्हिसिंगनंतर नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळून मागा. बहुतेक छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

४. टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

समजा १८५/६५ आर१५ ८८एच लिहिलंय. १८५ मिलिमीटर ही टायरची रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर चढवतात त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचांत. ८८ हा भाराचा क्रमांक, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. स्टेपनीचा भार क्रमांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

त्याशिवाय 'डीओटी' अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात. दिसले नाहीत तर चाक उलटून बघा.

५. टॉप मॉडेल घेतलं. चारही चाकं १७ इंची अलॉय, स्टेपनी मात्र १६ इंची लोखंडी. चूक झाली का?

चूक नाही, अनेक कंपन्या असंच देतात. खरा प्रश्न डिस्क किती इंची हा नाही. टायरसकट पूर्ण चाकाचा व्यास किती, हे बघायचं. हिशेब सोपा आहे: डिस्कचे इंच गुणिले २५.४, त्यात भिंतीची उंची दोनदा मिळवायची. २१५/६० आर१७ चा व्यास सुमारे ६९० मिलिमीटर येतो, २०५/६५ आर१६ चा सुमारे ६७३. फरक १७ मिलिमीटर, म्हणजे अडीच टक्के. पंक्चर काढेपर्यंत एवढा फरक गाडी सहन करते, पण असं चाक लावून महिनाभर हिंडायचं नाही.

कधी कधी फरक जवळजवळ नसतोच. १६५/८० आर१४ आणि १८५/६५ आर१५ या दोन चाकांच्या व्यासात जेमतेम २ मिलिमीटर अंतर आहे. तरी रुंदी वेगळी असल्यामुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताना गाडी थोडी वेगळी वागते, तेव्हा वेग कमीच ठेवा.

६. आमची स्टेपनी सायकलच्या चाकासारखी बारीक आहे आणि तिच्यावर 'टी' लिहिलंय. ती किती चालवता येते?

टी म्हणजे टेम्पररी, तात्पुरती. तिच्यावरच वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर. हवा मात्र बाकी चाकांच्या जवळजवळ दुप्पट लागते, साधारण ६० पीएसआय. पंपावरच्या मुलाला हे माहीत नसेल तर तो सवयीने ३३ भरेल. तुम्ही उभं राहून भरून घ्या. ती लावायची ती पहिल्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यासाठीच. एका वेळी अशी एकच चालते, दोन कधीच नाही.

७. पुढचं चाक पंक्चर झालं आणि स्टेपनी लहान आहे. ती पुढेच लावायची का?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत शक्यतो नको. पुढचं चाक गाडी ओढतं, वळवतं आणि ब्रेकचा मोठा भारही तेच घेतं. मागचं एक चांगलं चाक काढून पुढे लावा आणि स्टेपनी मागे टाका. दोनदा जॅक लावावा लागतो, पण घाट उतरायचा असेल तर तेवढे कष्ट घ्याच. रस्त्याकडेला ट्रक अंगावरून जात असतील तर हा खटाटोप तिथे नको. स्टेपनी तात्पुरती पुढेच लावून ताशी चाळीसच्या वेगाने सुरक्षित जागेपर्यंत जा आणि मग करा.

८. स्टेपनीत हवा किती आणि किती दिवसांनी बघायची?

पूर्ण मापाच्या स्टेपनीत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमधला 'पूर्ण भार' हा आकडा घ्या आणि त्यावर ३ ते ५ पीएसआय जास्त भरा. टायरमधून महिन्याला साधारण १ ते २ पीएसआय हवा आपोआप जाते. वर्षभर हात लावला नाही तर ३५ ची २० झालेली असते. कमी करणं रस्त्यावर सोपं आहे, भरणं नाही. महिन्यातून एकदा बाकी चार बघाल तेव्हा पाचवंही बघा.

स्टेपनी गाडीखाली टांगलेली असेल तर व्हॉल्वपर्यंत हात पोचत नाही म्हणून लोक टाळतात. व्हॉल्वला लावायची लांब नळी मिळते, ती एकदा बसवली की वाकून हवा भरता येते. वर्षातून एकदा मात्र चाक पूर्ण खाली उतरवा. चिखल आणि गंजाने उतरवणीचा स्क्रू आणि साखळी जाम होते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांचं हे सहा महिन्यांनी करावं. मीठ-दमट हवेने अडकलेली स्टेपनी आम्हाला एकदा कटरने कापून काढावी लागली आहे.

९. कंपनीने स्टेपनी दिली नाही, मी स्वतः घेतो. माझ्या गाडीला कुठलं चाक बसेल?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून सविस्तर सांगतो. टायरचा साइज जुळला म्हणजे चाक बसतं असं नाही. चार गोष्टी डिस्कच्या असतात.

पहिली, नटांच्या भोकांचं वर्तुळ, ज्याला पीसीडी म्हणतात. बऱ्याच छोट्या गाड्यांना चार भोकं आणि १०० मिलिमीटरचं वर्तुळ असतं. क्रेटा किंवा ब्रेझाला पाच भोकं आणि ११४.३. पोलोला पाच भोकं पण १००. चार भोकांच्या डिस्कवर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजेच पीसीडी. पाच भोकांत समोरासमोर भोकं येत नाहीत, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ते ५८.८ मिलिमीटर आलं तर पीसीडी १००, आणि ६७.२ आलं तर ११४.३.

दुसरी, मधल्या मोठ्या भोकाचा व्यास. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा, होंडा सिटीचा ५६.१. दोन्हींचा पीसीडी चार गुणिले १००. सिटीची डिस्क स्विफ्टवर चढते, पण मध्ये दोन मिलिमीटर सैल राहते. स्विफ्टची सिटीवर चढतच नाही. सैल डिस्क बसवताना मध्यावर आली नाही तर गाडी थरथरते. त्यासाठी हब रिंग मिळते, ती घाला.

तिसरी, ऑफसेट, म्हणजे डिस्कची हबला टेकणारी बाजू डिस्कच्या रुंदीच्या मध्यापासून किती सरकलेली आहे. डिस्कवर 'ईटी' आणि पुढे आकडा कोरलेला असतो. तो मूळ चाकापेक्षा फार वेगळा असेल तर टायर आत सस्पेन्शनला नाहीतर बाहेर फेंडरला घासतो.

चौथी, ब्रेकसाठी जागा. खालच्या व्हेरिएंटची १४ इंची डिस्क स्वस्तात मिळते म्हणून घेतात. वरच्या व्हेरिएंटचे पुढचे ब्रेक मोठे असतील तर कॅलिपर (ब्रेकची पकड) आतून अडतो. नट आवळून झाले आणि चाक फिरतच नाही, असं होतं.

हा सगळा हिशेब टाळायचा तर सरळ मार्ग आहे: तुमच्याच मॉडेलच्या ज्या व्हेरिएंटला कंपनी स्टेपनी देते, त्या स्टेपनीचा पार्ट नंबर काढून तीच मागवा. लोखंडी डिस्क अलॉयपेक्षा खूप स्वस्त पडते आणि खड्ड्यात वाकली तरी सहसा तडकत नाही. स्टेपनीला अलॉय घ्यायची गरज मला तरी वाटत नाही.

१०. डिस्क जुनी घेतली तर चालेल का? आणि टायर?

डिस्क जुनी चालेल. मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात नाना पेठेत शोधलं तर मिळते. पण दुकानात बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. वाकडी असेल तर डोळ्यांना दिसते. वेल्डिंगचा डाग असेल तर परत द्या.

टायर मात्र नवाच घ्या. आयएसआय खूण आणि तारीख बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा बिलात कर किती लावलाय तेही बघा. रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला, टायर स्टेपनीलाही नको.

११. इलेक्ट्रिक किंवा सीएनजी गाडीत घेतलेली स्टेपनी ठेवू कुठे?

टायरसकट लोखंडी चाक १५ ते २० किलोचं असतं. ते डिकीत मोकळं ठेवलं तर जोरात ब्रेक लागल्यावर मागच्या सीटवर येऊन आदळतं. डिकीच्या तळाला असलेल्या हुकांना रॅचेटच्या पट्ट्याने घट्ट बांधा. हुक नसतील तर ते बसवून घ्या. इलेक्ट्रिक गाडीत मात्र तळाला स्वतः भोक पाडू नका, खाली बॅटरी आणि उच्च दाबाच्या वायरी असतात.

सीएनजी गाडीत सिलिंडरच्या व्हॉल्वला किंवा पाइपला चाक टेकता कामा नये. जागा करण्यासाठी सिलिंडर सरकवणं तर अजिबातच नाही. जागाच नसेल तर रोज चाक वाहू नका. घरी ठेवा आणि लांबच्या प्रवासाला निघताना टाका. गावात किट पुरतं.

१२. मग किट पुरेसं नाही का? स्टेपनीवर खर्च कशाला?

तुमचा रस्ता कोणता आहे त्यावर ठरतं. किटमधलं रसायन टायरच्या तळव्यातलं खिळ्याचं छिद्र बुजवतं, साधारण ४ मिलिमीटरपर्यंतचं. भिंत फाटली, खड्ड्याने डिस्क वाकली किंवा टायर फुटला तर त्याचा उपयोग शून्य. आमच्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या नव्या गाड्यांत भिंतीला कट गेलेले बरेच असतात, कारण हल्ली टायरची भिंत बुटकी झाली आहे. शहरातच फिरणाऱ्याला किट आणि एक चांगला हवेचा पंप पुरतो. महाबळेश्वर, आंबोली, विदर्भातले आडरस्ते असं फिरणाऱ्याने स्टेपनी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाटलीवर मुदत असते, ती बघा. रसायन वापरलं असेल तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, म्हणजे तो आतून टायर पुसून मग पॅच लावेल.

१३. बाहेरून अलॉय बसवले, स्टेपनी मूळचीच आहे. नट तेच चालतील?

हमखास अडचण येते ती इथेच. नटाचं टोक आणि डिस्कवरची त्याची बैठक यांचा आकार जुळावा लागतो. काही निमुळती असते, काही गोलसर, काही सपाट वॉशरची. अलॉयचे सपाट नट लोखंडी स्टेपनीवर लावले तर ते आवळल्यासारखे वाटतात आणि वाटेत सैल होतात. मूळ नटांचा एक संच स्टेपनीच्या खळगीत पिशवीत बांधून ठेवा. फोक्सवॅगन, स्कोडाला नट नसून बोल्ट असतात आणि त्यात लांबीही बघावी लागते. कुठलंही चाक बदललं की ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

१४. स्टेपनी लावल्यापासून डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा जात नाही.

स्टेपनीत सेन्सर नसतो म्हणून. मूळ चाक परत लावून थोडं चाललं की जातो. काही गाड्यांत सेन्सरच नसतात, त्या चाकाच्या फिरण्यावरून अंदाज घेतात. तिथे मेनूमध्ये जाऊन टीपीएमएस रीसेट करावं लागतं.

१५. पाचही चाकं सारखी असतील तर स्टेपनी रोटेशनमध्ये (चाकांच्या आळीपाळीने अदलाबदलीत) घ्यावी का?

जरूर घ्यावी. गाडी ५०,००० किलोमीटर चालली तर पाच टायर प्रत्येकी ४०,००० चालतात, आणि स्टेपनी न वापरताच म्हातारी होत नाही. दर आठ-दहा हजार किलोमीटरला बदला. अपवाद दोन: स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर नाही, आणि टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर ती एकाच बाजूला चालते. अडचणीत उलट्या बाजूला लावली तर चालेल, पण पावसात हळू जा.

१६. सेकंडहँड गाडी घेतली. स्टेपनी नवीकोरी आहे, एकदाही वापरली नाही असं मालक म्हणतो.

तारीख बघा (प्रश्न ४). रबर वापरलं नाही तरी कडक होतं. सहा वर्षं उलटली असतील तर भिंतीवर बारीक भेगा आहेत का ते उन्हात बघा. असतील तर नक्षी कितीही ताजी असो, टायर बदला. दहा वर्षांपुढचा टायर न बघताच काढून टाका. याउलट गोटा झालेला टायर स्टेपनीत टाकून गाडी विकण्याचीही रीत आहे. नक्षीच्या खाचांत छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर राहिली, की तो टायर संपला.

१७. गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे. काही वेगळं?

हो. चारही चाकं कायम जोडलेली असतील तर व्यासातला थोडा फरकही मधल्या गिअरांना तापवतो. अशा गाडीला पूर्ण मापाचीच स्टेपनी घ्या, आणि तीही झिजेच्या बाबतीत बाकीच्यांच्या जवळ ठेवा. त्यासाठी प्रश्न १५ मधलं रोटेशन हाच उपाय. थारसारख्या गाडीत लहान चाक लावलंच तर टू-व्हील मोडवर राहा.

१८. समृद्धी किंवा पुणे एक्सप्रेसवेवर पंक्चर झालं तर चाक बदलू का?

डाव्या बाजूचं चाक असेल आणि गाडी पांढऱ्या पट्टीच्या पूर्ण बाहेर घेता येत असेल तरच. उजवीकडचं चाक बदलताना तुमची पाठ ताशी शंभरच्या वाहतुकीकडे असते. ते करू नका, मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२. आधी सगळ्यांना उतरवून लोखंडी कठड्यापलीकडे उभं करा, चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची परवानगी आहे, पण बारीक स्टेपनी लावली असेल तर ८० च्या आत आणि डाव्या लेनमध्येच.

१९. गाडीखाली टांगलेली स्टेपनी चोरीला गेली. विमा मिळेल का?

पोलिसांत तक्रार देऊन विमा कंपनीला कळवता येतं, पण आधी हिशेब करा. मोटारीच्या विम्यात सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० असते. त्यावर टायरचा घसारा, आणि दावा केला की पुढच्या वर्षीचा नो-क्लेम बोनसही जातो. एका लोखंडी चाकासाठी बहुतेकदा हा सौदा परवडत नाही. नुसता टायर फाटला आणि गाडीला दुसरं काही झालं नाही, तर साध्या पॅकेज पॉलिसीत भरपाई नाहीच, त्यासाठी टायरचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

अशा गाड्यांसाठी उतरवणीच्या स्क्रूवर बसणारं कुलूप मिळतं. ते लावाल तर त्याची चावी गाडीच्या चावीच्याच जुडग्यात ठेवा.